आईचा पोबारा

माणूस उठून निघून गेलं की मागं राहिलेल्यांना तोंड फुटतं. ते का गेलं हे ठाऊक असो वा नसो, कसं गेलं याला मात्र लगेच शब्द सापडतो. सोलापुरातल्या आमच्या गिरणीच्या चाळीत असे शब्द खंडीभर होते, आणि कुणाला कुठला लावायचा यात बायका सहसा चुकत नसत. शाळेच्या वेळेला पोरगं गायब झालं की ते ‘सटकलं’. जावई चार दिवस राहायला आला, सासूशी वाजलं आणि दुसऱ्याच दिवशी उठला, तर त्यानं ‘काढता पाय घेतला’. शेजाऱ्याची कोंबडी काखोटीला मारून कुणी गेलं, तर तो ‘पसार झाला’. आणि मागावर अर्धं लुगडं तसंच ठेवून एखादा विणकर न सांगतासवरता निघून गेला, तर त्यानं ‘पोबारा केला’. पोबारा सगळ्यांत वाईट. कोंबडीचोरालासुद्धा लोक हसून सोडून देत, पण हातातलं काम टाकून गेलेल्या माणसाला आमच्या गावात कुणी दारात उभं करत नसे.

हा शब्द चाळीनं माझ्या आईला लावला होता.

आई सुईण होती. बोलावणं आलं की हातात असेल ते तिथंच ठेवायची आणि चालू पडायची. पीठ मळताना आलं तर परातीत पीठ, धुणं धुताना आलं तर दगडावर धुणं. आपल्याकडं घरातून बाहेर पडताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. आई ‘येते’सुद्धा म्हणत नसे. सुईणीनं मुक्यानं निघायचं ही तिच्या माहेरची रीत. तिला ‘कुटं’ म्हणून विचारायचं नाही, आणि कुणाच्या घरी चालले हे तिनं सांगायचं नाही. चाळीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या की दृष्ट लागते म्हणून असं करतात. आईचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, “परक्याच्या घरातली पोर कळा देतीया, ते साऱ्या गावाला कशाला पायजे?” झालं. बाई एकदम दिसेनाशी व्हायची, चूल विझायची, आणि शेजारणी एकमेकींना डोळा घालून म्हणायच्या, “केला बघा, केला पोबारा!”

त्यात सगळाच खवचटपणा होता असं नाही. ह्याच बायका पोट दुखायला लागलं की आधी आमच्या दाराशी यायच्या. पण मी लहान होते आणि माझं डोकं भडक होतं. ते अजूनही तसंच आहे, आता वयामुळं लोक त्याला करारीपणा म्हणतात एवढंच. एकदा नळावर एका पोरीनं मला मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, “तुजी आय आज कुटं पोबारा करून गेली गं?” मी भरलेली घागर तिच्या पायाशी आपटली. पाणी तिच्या अंगावर आणि पोचा घागरीला. घरी आल्यावर आईनं पोचा बघितला, मग माझं तोंड बघितलं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं.

“म्हनू दे की,” ती म्हणाली. “तिच्या घरनं बोलवाय आलं तरी मी अशीच पळत जानार हाय.”

मास्तरांनी पुढं कधीतरी वर्गात सांगितलं की पोबारा हा शब्द सोंगट्यांच्या खेळातून आला, ते फाशांचं फार मोठं दान असतं. मी घरी येऊन आईला मोठ्या ऐटीत ते सांगितलं. ती कांदा चिरत होती. “बरं हाय,” म्हणाली आणि चिरत राहिली. तिला त्या शब्दाचं ना दुःख होतं ना सुख. दुःख मला होतं. आई म्हणजे आमच्या चाळीतली सगळ्यांत कामसू बाई, आणि नेमक्या तिलाच काम टाकून पळणारीचा शब्द!

आईचं माहेर माळशिरसकडचं, मेंढरं राखणारं. मेंढी अडली की पिल्लाला आतून वळवून घ्यावं लागतं, आणि त्याला लहान हात लागतो. सात-आठ वर्षांच्या आईला तिचा बाप उचलून मेंढीपाशी बसवायचा आणि सांगायचा, आता पाय चाचप, आता डोकं कुठं आहे बघ. असं ती शिकली. लग्न होऊन सोलापुरात आली, वडील गिरणीत साच्यावर कापड विणत होते, आणि चाळीत पहिल्याच वर्षी एका बाईला तिनं मोकळं केलं. तेव्हापासून मराठी, कानडी, तेलुगू, मुसलमान, सगळ्या घरांत तिला बोलावणं असे. कळा देणाऱ्या बाईशी बोलण्यापुरत्या चारही भाषा तिला येत होत्या. बाजारात मात्र तिला कानडीत वांगी मागता येत नसत, मग ती बोटानं दाखवायची.

चाळीतलंच एक तान्हं मूल सातव्या दिवशी धनुर्वातानं ताठ होऊन गेलं. त्या बाळंतपणाला आई नव्हती. घरच्यांनीच विळ्यानं नाळ कापली होती. तरी आई दोन दिवस जेवली नाही. मग स्वतःहून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं गेली आणि शिकवा म्हणाली. बाईंनी तिला शिकवलं : कात्री, दोरा आणि फडकं पाण्यात खळखळा उकळायचं आणि त्याशिवाय नाळेला हात लावायचा नाही. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईनं हा नियम जन्मभर एकदाही मोडला नाही. तिची एक खादीची पिशवी होती, त्यात कात्री, दोरा, एरंडेलाची बाटली आणि धुतलेली फडकी असत. ती दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि तिला हात लावायची आम्हा कुणालाच मुभा नव्हती.

मला सोळावं लागलं तेव्हा चाळीच्या हिशोबानं मी घोडनवरी झाले होते. दोन ठिकाणं आधीच फिरून गेली होती. एकानं उघडच सांगितलं होतं, सुईणीची पोर नको, आई कधी घरात नसते म्हणतात. तिसरं ठिकाण आलं ते मंद्रूपकडचं. घरी शेती होती आणि मेंढरांचा कळपही. वडिलांना हे ठिकाण फार मनापासून हवं होतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यांनी आईला बजावलं, “उद्याच्या दिवस कुनी आलं तरी उठू नगं. तिसरं ठिकान हाय. हे मोडलं तर पोरगी घरात राहती.” आई काही बोलली नाही. वडिलांना तिचं न बोलणं चांगलं ओळखू येत असे.

पाहुणे सकाळीच बैलगाडीनं आले. नवऱ्यामुलाचे आजोबा, त्याची चुलती, आणि गाडी हाकायला म्हणून खुद्द नवरामुलगा. मुलानं मुलगी बघायची रीत आमच्यात तेव्हा नव्हती, त्यामुळं तो आत आलाच नाही. बाहेर बैलांना वैरण घालत बसला. मला त्याचं पागोटं तेवढं दिसलं.

आत घोंगडीवर आजोबा आणि चुलती बसली. चुलतीनं मला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, केस सोडून दाखवायला सांगितले. आजोबा मात्र काही विचारत नव्हते, बसल्या बसल्या चाळीतली पोरं मोजावीत तसे दाराबाहेर बघत होते. सगळं नीट चाललं होतं. पुरणपोळीची पानं वाढली, पाहुणे आणि वडील जेवायला बसले, मी भिंतीला टेकून खाली मान घालून उभी राहिले. आई तूप वाढत होती.

तेवढ्यात दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. मी त्याला ओळखलं. विणकरांच्या पेठेतला तेलुगू म्हातारा, त्याच्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि चारच दिवसांपूर्वी आई तिचं पोट बघायला गेली तेव्हा मीही बरोबर होते. तो एक शब्द बोलला नाही, नुसता हात जोडून उभा राहिला. आईनं तुपाची वाटी खाली ठेवली. पदर खोचला. दाराजवळच्या खिळ्याकडं हात नेला, आणि तो हात तसाच राहिला. खिळ्याला पिशवी नव्हती.

तिनं वडिलांकडं बघितलं. वडिलांनी पानावरची नजर उचलली नाही. पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती, पिशवी त्यांनीच लपवली होती. आई रिकाम्या हातानंच त्या म्हाताऱ्याच्या मागं निघून गेली. मुक्यानं, नेहमीसारखी.

चुलतीचा घास हातातच राहिला. “विहीनबाई कुटं गेल्या?”

वडील म्हणाले, “येतीलच की. जरा काम निगालं.”

“पावन्यांच्या पानावरनं?” चुलती म्हणाली. “अवो, आमच्याकडं ह्याला पोबारा म्हनत्यात.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीत ऐकलं होतं, नळावर ऐकलं होतं, आता आमच्याच घरात, आमच्याच पुरणपोळीवर बसून! पण खरं सांगते, रागापेक्षा मोठी भीती होती. आईकडं कात्री नव्हती. त्या घरात विळे असणार, दाराआडचे, गवत कापायचे, माती लागलेले. घरची म्हातारी घाई करणार. आणि ते सात दिवसांचं ताठ झालेलं मूल मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

मी मान वर केली. बघायला आलेल्या लोकांसमोर पोरीनं मान वर करायची नसते हे मला चांगलं माहीत होतं.

“आबा, पिशवी,” मी म्हणाले.

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत एवढी लाज मी कधी बघितली नव्हती, आणि ती माझी नव्हती, स्वतःचीच होती. ते उष्ट्या हातानं पानावरून उठले, ट्रंकेवर चढले, फळीवरच्या गोधड्यांमागून पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. “पळ,” एवढंच म्हणाले.

मी पळाले. नवं कोरं लुगडं, केस सोडलेले, कपाळावर मळवट भरल्यासारखं कुंकू, अशी मी भर दुपारी नवी पेठेतून धावले. कापडवाले गाद्यांवरून उठून बघायला लागले. एकजण मोठ्यानं म्हणाला, “नवरी पळाली की काय!” पळाली रे बाबा, पळाली, मी मनात म्हटलं आणि लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून घेतलं. पुढं विणकरांच्या गल्ल्या लागल्या. रंगवलेलं ओलं सूत वाळत घातलेलं, घराघरातून मागांची खटखट. म्हाताऱ्याच्या घरातला माग तेवढा गप्प होता, त्यावरून कळलं की वेळ आली आहे.

आत गेले तर मूल झालेलं होतं. मुलगी. जोरात रडत होती. आई तिला फडक्यात धरून बसली होती आणि नाळ अजून तशीच होती. घरातली म्हातारी हातात विळा घेऊन आईच्या अंगावर तेलुगूतून ओरडत होती, शेजारच्या दोन बायका तिच्या बाजूनं ओरडत होत्या. आई त्यांना एका हातानं मागं सारत होती आणि तिचे डोळे दाराकडं होते. चुलीवर पाणी खळखळत होतं.

मला बघून ती म्हणाली, “आलीस? घाल पान्यात.”

मी कात्री आणि दोरा पाण्यात टाकला. “तुला काय ठाऊक मी येनार म्हनून?” मी विचारलं.

“मग पानी कशाला ठिवलंय?” आई म्हणाली.

आज एवढी वर्षं झाली, माझं बरंच कौतुक झालं, लोकांनी हारतुरे घातले. पण आईच्या त्या वाक्याइतकं मोठं मला कुणी कधी काही दिलं नाही. बाहेर माझं लग्न मोडत होतं, आत सगळं घर तिच्या अंगावर आलं होतं, आणि ती उकळतं पाणी मांडून माझी वाट बघत बसली होती. पोरगी येणार याची तिला एवढी खात्री! मी तिथंच रडले, आणि आईनं मला रडायलाही वेळ दिला नाही. “दोरा धर,” म्हणाली. तिनं दोन ठिकाणी बांधलं आणि कात्री माझ्या हातात दिली. पहिली नाळ मी अशी कापली, बघण्याच्या लुगड्यात.

परतताना आई पहिल्यांदाच सावकाश चालत होती. एरवी तिच्या चालीशी आम्ही पोरं धावत जुळवून घ्यायचो. नवी पेठ संपली तेव्हा तिनं विचारलं, “काय म्हनत हुते पावने?”

मी सांगितलं.

ती म्हणाली, “माज्यापायी तुजं तिसरं मोडलं.” आईचा आवाज असा कातर झालेला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला तो अजिबात आवडला नाही.

“मोडू दे,” मी म्हणाले. “तुला नावं ठिवनाऱ्या घरात मी काय करू?”

चाळीत आलो तर गाडी अजून दारातच होती. बैल जुंपलेले होते, चुलती गाडीत चढून बसलेली होती, आणि तरणाताठा नवरामुलगा कासरा धरून उभा होता. आजोबा मात्र वडिलांबरोबर ओट्यावर बसून तंबाखू मळत होते आणि उठायचं नाव घेत नव्हते. सगळी चाळ दारादारात उभी. असा तमाशा कोण सोडतंय!

“आल्या मायलेकी,” चुलती म्हणाली. “दोघींनी पोबारा केला आन आमी हितं उनात. चला मामंजी, अंदाराच्या आत गाव गाठायचंय.”

आजोबांनी आईकडं बघितलं. “काय झालं?”

“दोगी सुकरूप हायत,” आई म्हणाली. घर कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

“आमच्यात मेंढी अडली तर मानूस ताटावरनं उटतं,” ते चुलतीला म्हणाले. “ही तर बाई हुती.”

“व्हय, पन घरची बाई अशी उटली तर?” चुलती काही खाली उतरेना. “पोरगी बी आयच्याच वळनाची. मला तर पटत न्हाय.”

आता माझ्याबद्दलच बोलणं चाललं होतं आणि मला विचारत कुणी नव्हतं. मी पुढं झाले. लुगड्यावर रक्ताचे डाग होते, केस मोकळे होते, आणि सगळी चाळ ऐकत होती. मी आजोबांना म्हणाले, “बाबा, त्या म्हनत्यात ते खरं हाय. मी आयकडनं हे काम शिकनार. तुमच्या गावात बी बाया अडत असतील. बोलवनं आलं की मी उटनार. सनाला उटीन, ताटावरनं उटीन, कुटं चालले ते सांगनार न्हाय. हे चालत आसंल तर सुपारी फोडा. न्हायतर गाडी जुंपलेलीच हाय.”

वडिलांनी डोक्याला हात लावला.

चुलती गाडीतून ओरडली, “बघा, बघा तोंड! आन तू अशी उटून गेलीस, तर घरात भाकरी कोन थापनार गं?”

तेव्हा बैलांच्या बाजूनं आवाज आला. सकाळपासून जो माणूस एक शब्द बोलला नव्हता आणि ज्याला कुणी काही विचारलंही नव्हतं, तो कासऱ्याशी चाळा करत, खाली बघत म्हणाला, “मेंढरामागं चार-चार म्हैने असतो, काकी. भाकरी मलाच थापाय लागती. येती की मला.”

सगळी चाळ हसली, चुलतीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. आई हसली नाही. ती गाडीपाशी गेली, त्यानं धरलेला कासरा त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः बैल सोडायला लागली.